पटाचा बैल आणि माझा कॉम्प्युटर

माझा जुना कॉम्प्युटर विकायला काढला, तेव्हा लाखांदूरहून एक गिऱ्हाईक वरठीला माझ्या घरी आलं. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला पेन ड्राइव्ह, ताईत असावा तसा. त्यात कॉम्प्युटरचा घाम काढणारी फुकटातली सॉफ्टवेअर भरलेली.

"शंकरपटाच्या शर्यतीचा बैल पयवल्याबिगर घेते का कोनी?" म्हणत त्याने त्यातलं एक सुरू केलं, आणि उठून आमचा कूलर बंद केला. "बैल का सावलीत पयते?"

कॉम्प्युटरचा पंखा किंचाळायला लागला. स्क्रीनवर तापमान चढत होतं आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून डब्यावर तळहात ठेवून बसलेला, जसा काही पोराचा ताप बघतोय. घाम मात्र मला फुटला. बायकोने चहा आणेपर्यंत स्क्रीन काळी पडली.

"मारलं ना तुम्ही माझ्या कॉम्प्युटरले!"

"मी कायले मारू? मेलेलाच विकून राहिले होते तुमी," बशीत चहा ओतत तो म्हणाला.

मी चिडलो. "तुमच्या घरचा तरी पास झाला का या परीक्षेत?"

त्याने पेन ड्राइव्ह हळूच शर्टाच्या आत सरकवला. "घरच्याले नाही लावत बाप्पा. तो चालून राहिला न. कायले खाजवाचं?"

चहा संपवून तो गेला.

जिना चढताना मला दम लागतो, म्हणून डॉक्टरांनी ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासायला सांगितलंय. बायको रोज आठवण करून देते. तो गेल्यावरही दिली.

"चालून राहिलं न," मी म्हटलं, आणि उठून कूलर लावला.