ताडपत्रीखालचा माणूस

अकोल्याहून परतवाड्याला फवारणीच्या औषधाचे डबे नेणारा टेम्पो मी चालवायचो. त्या वर्षांत आमच्याकडे हेच औषध पिऊन जीव देणारे इतके होते, की कोणी उलट्या करत दवाखान्यात आला की डॉक्टर पहिला प्रश्न एकच विचारायचे. तो प्रश्न मी माझ्या सोयीला वापरला, याची लाज अजून जात नाही.

डिसेंबरातली सकाळ होती. डाव्या दाराची काच फुटलेली. दोन महिने मीच ती बसवून घेतली नव्हती. शेजारी बसलेला हमाल वाऱ्यानं काकडत होता. वयानं मोठा, तरी मला भाऊ म्हणायचा. अकोटच्या पुढं म्हणाला, "भाऊ, मी मांगं ताडपत्रीत बसतो. अठी लय थंडी लागून राह्यली."

डब्यांसोबत माणूस बसवायचा नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. तरी म्हटलं, बसा. वर दवानं खोकी भिजू नयेत म्हणून दोऱ्याही आवळल्या.

अंजनगावला चहासाठी थांबलो. ताडपत्री उचलली तसा उग्र वास आला. "डोकं दुखून राह्यलं," तो म्हणाला. एखादा डबा गळतोय हे मला तिथंच कळलं होतं. पण सगळी खोकी उतरवून कोण बघणार? "थंडीनं असन," म्हटलं आणि पुन्हा दोऱ्या आवळल्या. असा मी शहाणा.

परतवाड्यात ताडपत्री सोडली तर तो घामानं निथळत होता, तोंडाला फेस. दवाखान्यात नेला तर डॉक्टरांनी विचारलं, "औषध घेतलं का यानं?" गळक्या डब्याचं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

"घेतलं असन," मी म्हणालो.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मी काही घेतलं नाही. भाऊले विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत राहिलो. मग लोकच म्हणाले, वाचलेला माणूस असंच सांगतो.

महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेलो, खरं सांगून टाकायचं ठरवूनच. त्याच्या बायकोनं रॉकेलचा डबा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला होता. तो विहिरीवर निघाला तरी ती मागोमाग जायची. तिनं चहा दिला, मग मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली.

"तुमी होते म्हणून हे वाचले, भाऊजी. एक सांगा, गाडीत तुमच्यासंग काही बोलले होते का? काहून घेतलं? माह्यं काही चुकलं का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो, "मले तर काही बोलले नाही."