कोल्ह्याचं पहिलं दर्शन

"कांहीं होणार नाहीं, तंबी!" असं म्हणत नेसूची लुंगीवजा वेष्टी गुडघ्यावर दुमडायची, ही आमच्या घरमालक काकांची सवय. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. काका तंजावरकडचे मराठी. शब्द जुन्या पोथीतले, सूर तमिळ. अंगणात पाणी शिरो की वीज जावो, वाक्य ठरलेलं. मला तर त्या वाक्याचाच धसका बसला होता.

मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरीला, त्यांच्या माडीवर भाड्याने. परसात काकूंच्या कोंबड्या. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच आठवड्यात कोल्ह्याने पाच कोंबड्या नेल्या. आधीच घाबरलेल्या काकूंनी जेवणच टाकलं. मग काकांनी कुंपणाशी पिंजरा लावला, आत सुकट टांगली. दवाखान्यात निघायच्या आदल्या संध्याकाळी कोल्हा सापडला.

"वनखात्याला फोन करतो," मी म्हणालो.

"थांब रे! उद्यां कर. तुझ्या काकूस पहिलें दर्शन घडूं दे."

सकाळी उठल्या उठल्या कोल्ह्याचं तोंड दिसलं की भाग्य उजळतं, असं तिकडे मानतात. आता हसू नका हो. मी स्वतः कुलदैवताला नवस बोलून बसलो होतो!

पहाटे काका काकूंना हाताला धरून परसात घेऊन आले. दोघांचेही डोळे मिटलेले.

"अहो, तुम्ही कां मिटलेत?"

"माझ्या वाट्याचें भाग्यही तूंच घे."

मला हसू आलं. काकांनी चाचपडत पिंजऱ्यावरचं गोणपाट ओढलं. काकूंनी डोळे उघडले. "अगोबाई, किती भ्यालंय बिचारं!" तेवढ्यात काकांनी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"तार लागली. कांहीं होणार नाहीं, तंबी."

मी ते खरं मानलं, गाढवासारखं. वनखात्याची माणसं कोल्हा घेऊन गेली, आम्ही दवाखान्यात गेलो. ऑपरेशन उत्तम झालं. बोटाला चिंधी बांधून काका चार दिवस काकूंच्या उशाशी बसून होते.

दोन महिन्यांनी एका दुपारी पाण्याचा पेला ओठांशी नेताना काकांचा घसा आवळला. पाणी बघूनच ते थरथरू लागले. डॉक्टरांनी विचारलं, काही चावलं होतं का? काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सांगितलें असतें तर ती ऑपरेशनला गेली नसती रे."

तिसऱ्या दिवशी काका गेले.

काकू आता ठणठणीत आहेत. परवा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता थांबल्या.

"माझ्या उशाशी चार दिवस होते ना ते?"

"हो, काकू."

"ती चावल्यावर घ्यायची सुई त्याच दवाखान्यांत मिळत होती?"

"खालच्याच मजल्यावर," मी म्हणालो.