पंपाला किती?

फुकटच्या कामात कुणी राजीनामा देत नाही. माणूस नुसता गप्प होतो आणि त्याच्या नावाचा एक किस्सा मागे राहतो. अशा किश्श्यांचा आमच्याकडे ढीग साचलाय. खरं सांगू? यातला कुठलाही आठवला की मला हसू नंतर येतं, घाम आधी फुटतो.

'पंपाला किती' हे आमचं मोबाइल अ‍ॅप. पीक आणि औषध निवडलं की पाठीवरच्या फवारणी पंपात किती मिली टाकायचं ते दिसतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे आतला कोड कुणीही बघावा, सुधारणा पाठवावी. सांभाळणारे तिघं: शेगावात लॉजच्या काउंटरवर बसून कोड लिहिणारा सचिन, कृषीची पदवी घेतलेली बीबी गावची प्रज्ञा आणि मी. नियम एकच. बदल करायचा तर एकानं बाटलीवरचं लेबल फोनवर मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आकडा ताडून बघायचा. आकडा चुकला तर कुणाच्या तरी अंगात विष जाईल, ही भीती आम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

*

पुण्याच्या एका इंजिनिअरनं पहिला बदल पाठवला. फक्त बटणाचा रंग!

"लेबल वाचून दाखवा," सचिन म्हणाला.

"बटणाला लेबल कुठंय?"

"नियम म्हंजे नियम!"

बिचाऱ्यानं समोरचा बिस्किटाचा पुडा वाचून दाखवला. परत कधी फिरकला नाही.

पुढच्याच आठवड्यात सचिननं सोयाबीनचे सगळे आकडे एकट्यानं बदलले. मी विचारलं, "कोणाले वाचून दाखवलं?"

"अबे, हे अ‍ॅप सुरू कोनं केलं?"

मी विषय बदलला. हा रुसून गेला तर कोड कोण बघणार, हे भेव मनात होतं.

*

प्रज्ञाचं उलट. एकाच्या बाटलीचं लेबल कोपऱ्यात फाटलेलं होतं, तर तिनं त्याचा बदल अडवून धरला. तो चिडला, ग्रुपवर नाही नाही ते बोलला. मी तिला फोन केला.

"सचिनचं चालते, त त्याचं काऊन नाही?"

"दादा, सचिनचं चालते, याचंच त मले भेव लागते!"

*

मग आम्ही शेगावात लॉजवर बसून नियम लिहून काढले. दोन चहा झाले, तीन भांडणं झाली. पहिलं कलम ठरलं: कुणीही एकट्यानं काही बदलायचं नाही.

घरी पोचून बघतो तर कलम अ‍ॅपवर चढलेलं. सचिननं, एकट्यानं!

*

एकदा अनोळखी माणसाचा मेसेज आला. 'तुमचं पाहून फवारलं. भाऊ चक्कर येऊन पडला.' आणि त्यानंतर फोन बंद.

सचिन आकडे तपासायला बसला. मी लॉजवर पोचलो तेव्हा तो एकच ओळ पुन्हा पुन्हा तपासत होता, शेवटी लॅपटॉप मी ओढून घेतला. संध्याकाळी त्या माणसाचा फोन लागला. भाऊ बरा होता. आकडाही बरोबर होता, पण भावानं उन्हात, उपाशीपोटी, तोंडाला रुमालही न बांधता फवारलं होतं.

त्यानंतर सचिन स्वल्पविरामसुद्धा वाचून दाखवायचा. आठवडाभर!

*

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

जळगाव जामोदच्या पुढं आमचं शेत आहे. बाबांनी हरभऱ्याच्या नव्या औषधाचा फोटो पाठवला. 'अ‍ॅपात दिसून नाही राह्यलं. उद्या सकाळी फवाराचं हाय.' प्रज्ञा लग्नात होती. सचिनच्या लॉजवर गर्दी, तो फोन उचलेना. मी म्हटलं, घरचंच तर आहे! फोटोवरून आकडा टाकला आणि मोकळा झालो.

सकाळी प्रज्ञाचा फोन आला. "दादा, हा आकडा एकराचा हाय. तुम्ही पंपाच्या रकान्यात टाकला."

एकराला दहा पंप लागतात. म्हणजे दसपट विष बाबांच्या पाठीवर!

बाबांना फोन लावला. लागेना; शेतात रेंज नसते. प्रज्ञाला म्हटलं, "आकडा काढ, कोणाले विचारू नको," आणि गाडी काढली. वाटेतलं शेगाव मागं पडल्यावर पुढचा रस्ता कसा संपला ते मला आठवत नाही. बाबा बांधावर पडलेत, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

पोचलो तर पंप बांधावर कोरडाच उभा. लिंबाखाली आई चष्मा लावून बाटलीवरचं मोठ्यानं वाचत होती. बाबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून मान हलवत होते.

"जमून नाही राह्यलं," मला बघून ते म्हणाले. "बाटलीवर काही, अन् तुह्या मोबाइलात काही. तीन डाव वाचलं तुह्या मायनं. तूच त सांगतलं होतं, एकानं वाचाचं, एकानं पाहाचं."

मी तिथंच मातीत बसलो.

बाबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "तुमच्याइथं कोन वाचते बे?"