अभी आराम है

कमरेतली नस दुखावून डाव्या पायात कळा उतरू लागल्या, तेव्हा मी मध्य प्रदेशात देवासच्या एका खासगी हिंदी शाळेत गणित शिकवत होते. दुखणं कमीजास्त होत राहील, पूर्ण जाईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुट्टी घेऊन मी धारला आईवडिलांकडे आले. दादा, म्हणजे माझे वडील, एका लहान गणपतीच्या देवळात पूजा करतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. दादा आठवीपर्यंत शिकले. मला आठवीचा वर्ग मिळाला तेव्हा ते म्हणाले होते, "मी जिथून उठलो तिथे तू उभी राहतेस." तो वर्ग हातून जाईल, याची मला कळांपेक्षा जास्त धास्ती होती.

चौथ्या महिन्यात मोबाइलवर बड्या मॅडमचा, म्हणजे आमच्या प्राचार्यांचा निरोप आला, "अब तबीयत कैसी है?" मी लिहिलं, "अभी आराम है।" डॉक्टरांनी सांगितलेला आराम अजून चालू आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. विचार मराठीत केला आणि लिहिलं हिंदीत. हिंदीत त्याचा अर्थ होतो, आता बरं वाटतंय. लगेच उत्तर आलं, "बहुत अच्छा। सोमवार से आ जाइए। आपके बिना आठवीं बिगड़ गई है।"

एका ओळीत चूक दुरुस्त झाली असती. पण दादा शेजारीच वाती वळत बसले होते.

"कोणाचं गं?"

"शाळेतून. सोमवारपासून बोलावलंय."

त्यांनी वाती बाजूला ठेवल्या. उठले, हात धुतले आणि देवापुढे गुळाचा खडा ठेवला. मग ती ओळ माझ्याच्याने लिहिली गेली नाही. खरं तर मलाही तो चुकलेला अर्थच हवा होता.

बरी होऊन परतले म्हटल्यावर दुखतंय म्हणायची सोय उरली नाही. मधल्या सुट्टीत मी शेकायची विजेची पट्टी कमरेला बांधून स्टाफरूममध्ये बसायचे. हिंदीचे सर एकदा म्हणाले, "लो, मैडम चार्जिंग पे लग गईं। कित्ते परसेंट हुईं?"

"बीस।"

"बीस में आठवीं नी चलेगी, मैडम।"

सगळे हसले. मीही हसले.

तिसऱ्या आठवड्यात आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू पडला. मी वाकले आणि वर येताच येईना. भिंतीला तळवा टेकून तशीच राहिले. मी काही शोधते आहे असं वाटून मागच्या बाकांवरची मुलं हसली, मग गप्प झाली. पहिल्या बाकावरची मुलगी जवळ आली. "मैडम, किसी को बुलाऊँ?"

"नहीं। आराम है," मी म्हणाले, सवयीने. ओणव्या अवस्थेत तो शब्द माझा मलाच ऐकू आला.

त्याच दुपारी मी बड्या मॅडमना सगळं सांगितलं.

"मतलब आपको आराम था ही नहीं?"

"आराम कर रही थी, मैडम।"

त्यांना हसू आलं, आणि लगेच विरलं. "एक बार फ़ोन तो कर देतीं।" मुलाखतीत माझ्या तोंडून हिंदीत धड वाक्य निघत नव्हतं, तरी त्यांनी मला घेतलं होतं. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नसतं. त्यांनी नोकरी राखली : पाचवीचे दोन तास, खुर्चीवर बसून, आणि बाकी वेळ पेपर तपासणं. आठवी नव्या सरांना दिली. मी आभार मानले, ते मनापासून. बाहेर व्हरांड्यात आल्यावर जरा वेळ खांबाला धरून उभी राहिले.

पाचवीचा वर्ग आठवीला लागून आहे. मुलं उदाहरणं सोडवत असली की मला पलीकडचं ऐकू येतं. ते सर चांगलं शिकवतात, फक्त घाई करतात.

दादांना मी हे अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळच्या आरतीनंतर त्यांचा फोन येतो.

"आठवीची पोरं काय म्हणतात?"

"आज बीजगणित काढलं, दादा."

"कळलं का त्यांना?"

"मागच्या बाकांना नाही कळलं. उद्या परत घ्यावं लागेल."

"घे हो. सावकाश घे," ते म्हणतात.