पसंतीचा निरोप

माझं काम एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून कुणी विचारलं की "अपंगांच्या योजनांचं बघते" असं मी ठोकून देते. खरं म्हणजे एकाच माणसाला तीन-चार प्रकारचं अपंगत्व असलं की त्याच्यासाठी डॉक्टर, व्यायाम घेणारे, शिकवणारे अशा सगळ्यांची मोट बांधणं हे माझं काम. माझ्या ओळखपत्रावर 'समन्वयक' असं लिहिलंय. हा शब्द मला फार आवडायचा. कळंबच्या स्टँडवर उतरले तरी ओळखपत्र गळ्यात तसंच मिरवायचे. आता ते पर्समध्ये असतं.

ईट गावाच्या पुढं एका वस्तीवर विशीतली एक मुलगी आहे. जन्मापासून हातपाय ताठर, अधूनमधून झटके येतात, तोंडून शब्द फुटत नाही. ऐकू मात्र स्वच्छ येतं आणि समजतंही सगळं. तिला समजतं, हे मीच प्रत्येकाला बजावून सांगत फिरायचे.

तिची आई एवढ्या मोठ्या लेकीला पाठंगुळी घेऊन एसटीनं दवाखाने पालथे घालायची. एक डॉक्टर म्हणायचा व्यायाम वाढवा, दुसरा म्हणायचा झटके थांबेपर्यंत हात लावू नका. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आता मुलीनं नाही, या मंडळींनी जायचं. मेंदूविकाराचे डॉक्टर, फिजिओथेरपीवाल्या बाई, वाचा-उपचारवाले आणि एक विशेष शिक्षिका, अशा चौघांना एका जीपमध्ये घालायला मला दोन महिने लागले. आईला फोन करून सांगितलं, "चौघं पाहुणे घेऊन येतेय. तिला तयार ठेवा." मुलीच्या कानाला फोन लावा, असं म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरी सारवलेली, सतरंजी अंथरलेली. दारात शेजारणी उभ्या. मुलगी खुर्चीत, पाठीला उशी लावून, मोठ्या बहिणीची जांभळी साडी नेसलेली. "तिनंच हट्ट धरला साडीचा," आई म्हणाली. आम्ही सगळे कौतुकानं हसलो. पोहे आले, चहा आला. मग चौघं ओळीनं सतरंजीवर बसले आणि काम सुरू झालं.

फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, "दोन पावलं चालून दाखव बघू." आईनं काखेत धरलं, ती चालली. वाचा-उपचारवाले म्हणाले, "नाव सांग बरं तुझं." तिनं सगळा जीव एकवटून एक आवाज काढला, तिला घाम फुटला. शिक्षिकेनं मणी ओवायला दिले. डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुमच्या घराण्यात आणखी कुणाला हा त्रास?" मुलगी सारा वेळ खाली बघत होती आणि पदर घसरला की वाकड्या मनगटानं तो वर ओढत होती. शेवटी आईच्या आधारानं ती चौघांच्या पाया पडली. परत येताना जीपमध्ये मी म्हणाले, "आजचा दिवस सार्थकी लागला." आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आठवड्यानं आईचा फोन आला. "ताई, पोरगी साडी सोडंना झालीय. जेवतबी न्हाय."

मला वाटलं, त्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, त्याचा परिणाम. लगेच डॉक्टरांना फोन, डॉक्टरांचा आईला फोन, गोळी अर्धी केली. समन्वय कसा चोख! चार दिवसांनी पुन्हा तोच फोन. मग मी एकटीच गेले.

ती ओसरीवर, तीच साडी नेसून, रस्त्याकडं तोंड करून बसलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं माझ्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग मोठ्या कष्टानं एक बोट कपाळाला नेलं, भुवयांच्या मधे टेकवलं, आणि हात रस्त्याकडं केला. पुन्हा तसंच केलं. माझ्याकडं बघत राहिली.

"डोकं दुखतंय का हिचं?" मी आईला विचारलं.

आईनं मान खाली घातली. "डोकं न्हाय ताई. कुंकू म्हंती ती. कुंकू लावायला कवा येत्यात पाव्हणे?"

मग तिनं सांगितलं. गेल्या वर्षी याच ओसरीवर, याच साडीत थोरलीला बघायला पाहुणे आले होते. सतरंजीवर असेच ओळीनं बसले. चालून दाखव म्हणाले, नाव विचारलं, विणकाम बघितलं, घराण्याची चौकशी केली. आठ दिवसांनी येऊन कुंकू लावून गेले. थोरली आता परंड्याला नांदते. धाकटीनं हे सगळं उशीला टेकून डोळे भरून पाहिलेलं.

"मला त्याच दिशी उमगलं व्हतं," आई म्हणाली. "पर तुमी गेल्यावर लई वर्सांनी अशी हसली. म्हून गप बसले."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी लाज वाटली की त्या मुलीकडं मान वर करून बघवेना. सांगायचं तरी काय? खरं सांगायचं म्हणजे हेच, की तुला नापसंत केलेलं नाही बाळा, तुझा तसा विचारच कुणाच्या मनात आला नव्हता. नकारापेक्षा हे वाईट.

आई माझ्या कानाशी आली. "पत्रिका जुळली न्हाय म्हणा. थोरलीला दोनदा तसाच निरोप आलता. हिला ठावं हाय ते."

आमच्या प्रशिक्षणात मी तासभर बोलते. त्या व्यक्तीशी थेट बोला, खरं बोला, असं सगळ्यांना शिकवते. मी तिच्यासमोर बसले, तिचा ताठर हात हातात घेतला आणि म्हणाले, "पत्रिका जुळली नाही गं."

एवढ्या महिन्यांत थेट तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

तिनं खांदे सैल सोडले. थोरलीलाही दोनदा असंच झालं होतं, नंतर तिसरे आले होते. तिनं आईला साडी सोडू दिली, भाकरीचा काला खाल्ला. आईनं साडीची घडी करून ट्रंकेत ठेवली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

निघताना चप्पल घालता घालता मी आईला म्हणाले, "मंगळवारी एक जण येईल. चाकाच्या खुर्चीचं माप घ्यायचंय. तिला तयार ठेवा."

आईलाच म्हणाले. बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. वळून पाहिलं तर ती आईचा पदर ओढत होती आणि दुसरा हात ट्रंकेकडं केला होता.