शेजारणीने फुंकलेला दिवा

गॅरेजवाले म्हणतात पुढच्या महिन्यात या, आणि गाडी मोटरवेवर आचके देते. मी काय शहराच्या टोकाला असलेल्या टाकानिनीहून चालत कामावर जाऊ?

म्हणून आज आमच्या ह्यांनीच दारात पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडीत नवीन वस्तू बसली म्हणून मी ओवाळायला निरांजन घेऊन गेले.

शेजारची अरोहा धावत आली आणि तिने फू करून दिवाच विझवला. मी भडकले, "दिवा कुणी फुंकतं का गं?"

"आंटी, खाली बघ."

खाली पेट्रोल सांडलं होतं आणि हे अजून गाडीखालीच आडवे.

तिच्यामुळे माझा माणूस वाचला. रविवारी तिला जेवायला बोलावलंय. तिला तिखट सोसत नाही, मला बिनतिखट काही येत नाही. काय करू ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर सांगा, नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकून पळू नका.