बिनखिळ्यांचा जिना

यशोदाबाईंनी शेजारच्या गोजरबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आडावर, एकोणीसशे अठ्ठावीसच्या थंडीत. ती एका हाताने दोर ओढायची, ओढलेला दोर पायाखाली दाबून धरायची आणि पुन्हा ओढायची. दुसरा हात हळद लावून गळ्यात बांधलेला होता.

"काय झालं गं हाताला?"

"शिडीवरनं पडले," गोजरबाई म्हणाली. मग कळशी काठावर ठेवत, भांडं फुटल्याचं सांगावं तसं म्हणाली, "पोट बी पडलं."

ती पडली नव्हती. भाकरीबरोबरचं कोरड्यास खारट झालं म्हणून महिपती सुताराने, तिच्या नवऱ्याने, तिला माळ्यावरून खाली ढकललं होतं. बोळातल्या प्रत्येक घराला हे ठाऊक होतं. पण शिडीची कहाणी महिपतीनेच चारचौघांत सांगितली होती, त्यामुळे आता शिडी काढून जिना बसवणं त्याला भागच होतं.

कारागीर तो चांगला होता. गिरणीतून आला की अंगणात रंधा घेऊन बसे. बाभळीच्या दोन लांब फळ्यांना त्याने समोरासमोर खाचा पाडल्या आणि एकेक पायरी तासून त्यांत सरकवली. फळी धरायला गोजरबाई. ती जराशी हलली की करवतीची मूठ तिच्या पाठीत बसे.

"लकवा भरलाय व्हय हाताला?"

"धरलीया की."

खिळे मात्र त्याने मारले नाहीत. "लाकूड ओलं हाय," तो शेजाऱ्यांना ऐटीत सांगे. "आत्ता खिळा मारला तर फळी फाटंल. उन्हाळाभर वाळू द्या, मग बगा."

त्याच उन्हाळ्यात गोजरबाईला पुन्हा दिवस गेले. ते तिने आधी यशोदाबाईंना सांगितलं. "ह्या बारीला लेकरू जगलं पायजे, वैनी. मला हितनं काढा." यशोदाबाईंचे यजमान कचेरीत कारकून, शेजारच्या भांडणात पडायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. तरी यशोदाबाईंनी वळसंगला तिच्या भावाकडे, धोंडीरामकडे, गुपचूप निरोप धाडला.

तो निरोप महिपतीला शिंदीच्या दुकानात कळला. भरदुपारी त्याने लाथेने दार उघडलं. दोघी माळ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्याच्या हातात वाकस होती, लाकूड तासायची.

"खाली ये, गोजरे. म्हायेरला धाडतो तुला."

"न्हाय येत."

"मंग मीच येतो की."

आधी त्याने चूल फोडली, मग पाण्याचा रांजण. तो फुटत होता तेवढ्यात गोजरबाई जिन्याच्या तोंडाशी ओणवी झाली आणि सगळ्यात वरची पायरी हलवू लागली. "वैनी, हात लावा." यशोदाबाईंनी लावले. वरच्या तीन पायऱ्या खाचांतून निघून माळ्यावर आल्या.

"वैनी, तुमी मदी पडू नगा. ह्ये आमच्या घरातलं हाय," म्हणत महिपती चढला. पायऱ्या संपल्या तिथे थांबून हसला. "माजाच जिना मला दावती व्हय?" त्याने वाकस वर भिरकावली. ती यशोदाबाईंच्या नडगीला लागून रक्ताची धार सुटली. मग दोन्ही हातांनी त्याने माळ्याची कड धरली.

गोजरबाईने काढलेल्या पायरीची फळी उभी धरून त्याच्या बोटांवर हाणली. एक हात सुटला; त्याच हाताने त्याने तिचा घोटा पकडून ओढलं. ती कंबरेपर्यंत खाली घसरली. यशोदाबाईंनी मागून तिच्या काखेत हात घालून तिला आवळून धरलं. गोजरबाईचा दुसरा घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघींनी ऐकला. तिसरा कपाळावर बसला आणि महिपती खाली फरशीवर आदळला.

तो विव्हळत होता. गोजरबाईने फळी पुन्हा डोक्यावर उचलली. फळीचं दुसरं टोक यशोदाबाईंनी धरलं.

"पुरे गं. पोटातलं बघ."

गोजरबाईने फळी ठेवली, तिन्ही पायऱ्या एकेक करून खाचांत बसवल्या आणि दोघी त्याला ओलांडून बाहेर आल्या. बोळ दारात जमला होता. ती रात्र गोजरबाई यशोदाबाईंच्या स्वयंपाकघरात निजली आणि यजमानांनीच तिच्यासाठी वळकटी काढून दिली. दुसऱ्या दिवशी धोंडीराम बैलगाडी घेऊन आला.

महिपतीचं मनगट वाकडं सांधलं. तो पुन्हा वळसंगला गेला नाही, आणि त्याला कोणी बोलावलंही नाही.

गोजरबाई आता भावाच्या घराशेजारी खोपट घालून राहते, लोकांच्या रानात खुरपायला जाते. तिची मुलगी वळसंगच्या शाळेत दुसरीत आहे.